पिल्लांचा दिवा

गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता, शेवटचं गाव पाच किलोमीटरवर असताना, तिनं स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि मागच्या खोक्याचं झाकण उचललं. आतला बल्ब तांबडा पडला होता. विझत आलेल्या निखाऱ्याएवढाच त्याचा उजेड होता. एका दिवसाची कोंबडीची पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली होती. वरची गारठली होती, खालची चेंगरली होती. तिनं आत हात घातला तरी नेहमीसारखी चिवचिव झाली नाही.

चव्वेचाळीस मेली होती. त्याच्या आदल्या गुरुवारी एकतीस.

दर गुरुवारी हॅचरीतून अडीचशे पिल्लं घ्यायची आणि चार गावांतल्या घरांत पोचवायची, हे तिच्या नवऱ्याचं काम. थंडी सुरू झाली की खोक्यात एक बल्ब लावायचा. त्याची वायर स्कूटरच्या बॅटरीला जोडलेली असे. बल्ब पेटता राहिला की पिल्लं पसरून बसत, झोपाही काढत. तीन आठवड्यांपूर्वी पहाटेच्या धुक्यात चालत्या स्कूटरचा हेडलाइट गेला, चाक डांबरावरून खाली उतरलं आणि नवऱ्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून फेरी तिच्याकडे आली होती.

मेलेल्या पिल्लांचा हिशोब द्यायला ती हॅचरीच्या फाटकावर थांबली. मॅनेजर वहीत लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही.

"किती गेली, वहिनी?"

"चव्वेचाळीस."

"पुढच्या गुरुवारी पुन्हा असं झालं तर फेरी तीनचाकीवाल्याला देणार. आधीच सांगून ठेवतो."

"थंडी काय माझ्या एकटीच्या वाट्याला आलीय?"

"थंडी त्यालाही वाजणार," मॅनेजर म्हणाला. "पण त्याचा दिवा लागतो."

ती घरी आली तेव्हा नवरा अंगणात येरझाऱ्या घालत होता. उजवा हात गळ्यात बांधलेला, डाव्या हातात चहाचा रिकामा कप. सकाळपासून तो कप त्यानं खाली ठेवला नसावा.

"किती?"

तिनं सांगितलं. तो वळला, भिंतीपर्यंत गेला आणि परत आला.

"मार अजून बादल्या. स्कूटर आहे का म्हैस? रोज आंघोळ!"

तिनं स्कूटर स्टँडवर लावली. हॅचरीचा नियम होता: कोंबड्यांचा रोग एका गावातून दुसऱ्या गावात जाऊ नये म्हणून गाडी औषधाच्या पाण्यानं धुऊनच फाटकातून आत घ्यायची. नवरा चाकांवर चार तांबे ओतून मोकळा होत असे. ती पूर्ण गाडी धुवायची, पाय ठेवायच्या फळीखालूनही. हेडलाइट गेला त्या दिवसापासून घरात एकच कारण चालत होतं. हिनं पाणी मारलं, वायरिंगमध्ये पाणी शिरलं. शेजारच्या काकूंनाही ते पाठ झालं होतं. तिलाही हळूहळू ते खरं वाटायला लागलं होतं. तो पडला त्याच्या आदल्या संध्याकाळीच तिनं स्कूटर धुतली होती.

सोमवारी तिनं स्कूटर बाजारातल्या मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीनं मागच्या पंधरा दिवसांत नवी बॅटरी बसवली होती, नवा रेग्युलेटर बसवला होता. इंजिन फिरताना तयार होणारी वीज सरळ करून बॅटरीत घालणारा हा हातभर वायरीचा, खाचा पाडलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. दोन्ही नवे असूनही बॅटरी चार्ज होत नव्हती. मिस्त्रीनं बटण दाबलं. स्टार्टर कण्हला आणि गप्प झाला.

"वीज तयार करणारी कॉइल गेली," तो म्हणाला. "इंजिनाची बाजू उघडायला लागणार. माल शनिवारी येईल."

"गुरुवारी फेरी आहे."

"मग तो खोक्यातला बल्ब काढा. एवढ्याशा गाडीवर किती ओझं टाकाल?"

"आणि पिल्लांना काय फुंकर मारत नेऊ?"

"मालकांना बसवा की मागं. एक हात मोकळाच आहे त्यांचा."

बाकावर पंक्चरची वाट बघत बसलेले दोघं हसले. एकानं कोंबडा आरवल्याचा आवाज काढला. मिस्त्रीनं पाना उचलून इंजिनाला हात घातला तेव्हा ती पुढं झाली आणि तिनं हँडल धरलं.

"राहू द्या."

"उघडल्याशिवाय कळणार कसं, वहिनी?"

"राहू द्या म्हटलं ना."

त्या दोघांसमोर तिनं किक मारायला घेतली. एकदा, दोनदा. सातव्या वेळी किक उलटी येऊन पोटरीवर बसली. बाकावरचा एकजण मोजत होता, मोठ्यानं. चौदाव्या किकेला स्कूटर लागली.

"अर्धवट का आणलीस?" घरी आल्याबरोबर नवरा म्हणाला. "तिथंच सोडायची. तू मोठी इंजिनियर लागून गेलीस का?"

"शनिवारपर्यंत काय करू?"

"ते मला विचारतेस? मला?" तो खांद्याकडे बघत म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे निघाला.

उन्हात खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यांना सगळे आबा म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी रेडिओ दुरुस्त केले होते. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. माणूस समोर आला तर आकार दिसे, तोंड दिसत नसे.

"सूनबाई, माझी पेटी काढ," ते म्हणाले. "मीटर असेल बघ तळाशी. काट्याचा."

मीटर खाकी कापडात गुंडाळलेला होता. आबांनी त्याची बटणं बोटांनी चाचपली, मधली खटकी फिरवून जागेवर बसवली, दोन वायरी सोडवल्या.

"आबा, तुम्हाला काटा दिसणार आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"तिला दिसेल," आबा म्हणाले. मग तिच्याकडे आकाराच्या अंदाजानं वळून: "एकच सांगतो. दिसेल तेवढंच सांगायचं. मनातलं त्यात घालायचं नाही. काटा बाराच्या पुढं जावा असं तुला वाटतंय म्हणून तो जात नसतो."

बॅटरी त्यांनी रात्रभर आबांच्या जुन्या चार्जरवर लावून ठेवली. मंगळवारी सकाळी तिनं सीट काढली, बाजूची पत्र्याची आवरणं काढली आणि स्क्रू एका ताटलीत ठेवले. आबा पोत्यावर मांडी घालून स्कूटरला टेकून बसले. लाल वायर बॅटरीच्या एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला.

"किती?"

"साडेबारा."

"साडेबारा व्होल्ट म्हणजे बॅटरी चांगली आहे. आता लाव गाडी, किकेवर; बटण बॅटरी खातं. वीज आत येत असेल तर काटा चौदाकडे जाईल."

नवव्या किकेला लागली. थंडीत धूर अंगणभर पसरला.

"हळूहळू हँडलला पीळ दे. किती?"

"साडेबारा."

"अजून पीळ."

"साडेबाराच."

"हलला नाही?"

"किंचित हलल्यासारखा..." ती थांबली. "नाही. हलला नाही."

आबा हसले. "बल्ब जोड खोक्याचा."

बल्ब जोडल्यावर काटा बाराला आला आणि इंजिन जोरात असूनही खाली सरकत राहिला. तिनं प्रत्येक आकडा सांगितला. आबांनी इंजिन बंद करायला सांगितलं.

"म्हणजे बॅटरीतून नुसतं जातंय. येत काहीच नाही. इंजिनातून निघत नाही, की वाटेत अडतंय, एवढंच शोधायचं."

"मिस्त्री म्हणाला कॉइल," नवरा लांबून म्हणाला.

"मिस्त्रीनं मीटर लावला होता?"

नवरा भिंतीकडे वळला.

इंजिनाकडून येणाऱ्या पिवळ्या वायरींचं सॉकेट फळीखाली होतं. ते सोडवताना तिच्या बोटांची सालं निघाली. आबांनी खटकी दुसऱ्या खाचेत फिरवली. स्कूटर पुन्हा किकेवर लावली. या वेळी पीळ देताच काटा उठला. वीस, तीस, चाळीस. पीळ सोडला की खाली, दिला की वर.

"कॉइल जिवंत आहे," आबा म्हणाले. "त्याला इंजिन उघडू दिलं असतंस तर धडधाकट माणसाचं पोट फाडलं असतं त्यानं."

बुधवारी सकाळी त्यांनी वायरी धरल्या. इंजिनापासून रेग्युलेटरपर्यंत, रेग्युलेटरपासून फ्यूजपर्यंत. आबा वायर दोन बोटांत धरून पुढं पुढं जात, मध्येच थांबत, वास घेत. फळीच्या खालच्या दुसऱ्या सॉकेटपाशी ते थांबले.

"हे उघड. आत काय आहे?"

आत हिरवी भुकटी होती. पितळेच्या टोकांवर जाडसर साचलेली.

"हिरवं आहे," ती म्हणाली. तिचा आवाज खाली गेला.

नवरा तीन ढांगांत तिथं आला आणि वाकला. "बघ! बघ स्वतःच्या डोळ्यांनी! पाणी! मी गळा फाडून सांगत होतो. माझं हाड मोडलं तेव्हा कुणाला पटलं नाही!" त्यानं शेजारच्या काकूंना कुंपणावरून हाक मारली आणि ते सॉकेट बघायला लावलं. काकूंनी बघितलं, तिच्याकडेही बघितलं, आणि "अगं बाई" एवढंच म्हणाल्या.

तिनं जुन्या दातांच्या ब्रशनं एकेक टोक घासलं. मान वर न करता अर्धा तास ती तेच करत होती. नवरा बाजूला उभा राहून कुठं राहिलंय ते दाखवत होता. साडेअकराला त्याला खांदा दाखवायला दवाखान्यात जायचं होतं. शेजारचा माणूस गाडी घेऊन आला, तेव्हा जाता जाता नवरा म्हणाला, "आता लागेल बघ दिवा."

तो गेल्यावर तिनं सॉकेट जोडलं. किक मारली. पीळ दिला.

"किती?"

"साडेबारा."

 तिनं इंजिन बंद केलं नाही. पोटरी ठणकत होती, पुन्हा किक मारायची तिची तयारी नव्हती.

"आबा, उद्या गुरुवार."

"ठाऊक आहे. एक वायरीचा तुकडा दे. हातभर."

तिनं दिला. आबांनी दोन्ही टोकं दातांनी सोलली.

"या रेग्युलेटरला परतीची वेगळी वायर नाही. त्याचं अंग हीच त्याची वायर. ज्या लोखंडी पट्टीवर तो आवळलाय, त्या पट्टीतून वीज परत जायची. आता एक टोक त्याच्या अंगाला धर. दुसरं बॅटरीच्या काळ्या टोकाला. पीळ देत राहा आणि काटा बघ."

तिनं एका हातानं पीळ दिला, दुसऱ्या हातानं वायर टेकवली.

"चौदा," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आबा, चौदा! चौदाच्या वर!"

"उचल वायर."

"साडेबारा."

"टेकव."

"चौदा."

तिनं तीनदा उचलली, तीनदा टेकवली. आबांनी हात पुढं करून इंजिन बंद कर अशी खूण केली.

"पट्टीशी अडतंय. बोल्ट सोड."

दहा नंबरच्या पान्यानं तिनं दोन बोल्ट सोडले आणि ठोकळा पट्टीवरून उचलला. खालची पट्टी काळी होती, गुळगुळीत. बोल्टचे आटेही काळे होते.

"गंज?" आबांनी विचारलं.

तिनं नखानं खरवडलं. काळी पापडी सुटून नखात अडकली. खाली लोखंड चकाकलं.

"नाही. रंग."

"नीट बघ."

"रंगच आहे, आबा. आट्यांतसुद्धा."

आबांनी पट्टीवर अंगठा ठेवला आणि मागं-पुढं फिरवला. पाऊस सरताना नवऱ्यानं स्कूटर पूर्ण खोलून रंगवली होती. चार दिवस लागले होते. एकही कोपरा गंजायला ठेवला नव्हता, दोन दोन हात दिले होते. शेजारपाजारचे बघायला आले होते. रंग ओला असतानाच त्यानं सगळं आवळून बसवलं होतं. तेव्हा बल्ब लावायचे दिवस नव्हते, म्हणून काही जाणवलं नाही. मिस्त्रीनंही नवा ठोकळा त्याच काळ्या पट्टीवर तसाच ठेवून आवळला होता.

आबांचा अंगठा थांबला.

"पॉलिश पेपर आण," ते म्हणाले. "पांढरं होईपर्यंत घास."

पट्टी घासून, आटे घासून तिनं बोल्ट पुन्हा आवळले. वायरीचा तुकडा न लावता काटा चौदावर गेला. खोक्यातला बल्ब जोडला, तरी साडेतेराच्या खाली आला नाही. तिनं बल्बवर तळहात धरला आणि काढला नाही.

नवरा दोन वाजता परतला. पेटता बल्ब त्याला फाटकातूनच दिसला.

"लागला! काय निघालं?"

ती पाना पुसत होती. तिनं आबांकडे बघितलं. आबांनी तोंड आवाजाच्या दिशेला वळवलं.

"तेच," ते म्हणाले. "हिरवं. पाणी शिरलं होतं."

"मी काय म्हणत होतो!" नवरा म्हणाला. पडल्यापासून पहिल्यांदा तो खुर्चीत टेकून बसला. "अगं, बघितलंस ना? रागानं बोलत नव्हतो मी. आता जपून धू म्हणजे झालं."

तिनं पाना पेटीत टाकला. तो बाकीच्या पान्यांवर आपटला तेव्हा आबांनी डोळे मिटले.

गुरुवारी सहाला ती हॅचरीच्या फाटकावर होती. फाटकापाशी तिनं स्कूटर नेहमीसारखी धुतली, फळीखालूनही. रखवालदार म्हणाला, "वहिनी, पुरे, रंग जाईल." तिनं आणखी एक तांब्या ओतला. मॅनेजरनं पिल्लं मोजून खोक्यात भरली आणि वाकून बल्बकडे बघितलं.

"लागतोय."

"लागणार."

मीटर तिनं दोरीनं हँडलला बांधला होता. उजाडायच्या आधीचा गारठा हातमोज्यातून आत येत होता. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. उताराला काटा पावणेचौदा, चढाला चौदा. खड्ड्यांच्या रस्त्यावर काटा थरथरायचा आणि ती वेग उतरवायची. काटा जागेवर आला की पुन्हा पीळ द्यायची. पहिल्या गावात साठ पिल्लं उतरवली, दुसऱ्यात ऐंशी. दर वेळी झाकण उचललं की गरम हवेचा भपका तोंडावर यायचा आणि आतून गलका उठायचा.

शेवटच्या गावातल्या म्हातारीला मागच्या खेपेला वीसच्या जागी सात पिल्लं मिळाली होती. ती दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आज मढी आणलीस की पिल्लं?"

"हात घाला, आजी."

म्हातारीनं हात घातला. एका पिल्लानं तिच्या बोटाला चोच मारली.

"आई गं! चावतंय मेलं," ती म्हणाली आणि हात आत तसाच ठेवून उभी राहिली. "छान ऊब आहे की."

अडीचशेतली दोन गेली. परतीच्या वाटेवर तिनं फाटकावर आकडा सांगितला तेव्हा मॅनेजरनं वहीत दोनाचा आकडा घातला आणि पुढच्या गुरुवारच्या पानावर फेरी तिच्याच घराकडे असल्याची खूण केली. घरी तिनं "दोन" एवढंच सांगितलं आणि शेकोटीपाशी बसून बोटं हलतात का ते बघत राहिली.

शुक्रवारी ती उठून बाहेर आली तेव्हा सात वाजून गेले होते. अंगणात ऊन आलं होतं. नवरा पोत्यावर बसला होता. पुढ्यात ताटली, ताटलीत आवरणांचे स्क्रू आणि दोन बोल्ट. रेग्युलेटर वायरींना लोंबकळत होता. काळ्या रंगाचा डबा उघडा होता आणि नवऱ्याच्या डाव्या हातात ब्रश होता. कपाळावर घाम आलेला. एका हातानं बोल्ट सोडायला त्याला बराच वेळ लागला असणार. तो इतका निवांत दिसत होता की ती पायरीवरच थांबली.

"उठलीस? झोप की अजून," तो म्हणाला. "कालची फेरी केलीस एवढी. म्हटलं, आपणही काहीतरी करू. हे बघ, लोखंड उघडं ठेवलंय तुम्ही. पुन्हा पाणी शिरेल इथं." त्यानं ब्रश पट्टीवरून एकदा फिरवला. काळा, सरळ, नेटका पट्टा उमटला.

"ब्रश खाली ठेवा."

"का गं?"

"ठेवा आधी."

त्यानं ठेवला नाही. तिनं दाराकडे बघितलं. आबा चौकट धरून उभे होते.

"आबा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

आबांनी चौकट आणखी घट्ट धरली.

"मला सांगत होतात, दिसेल तेवढंच सांगायचं. मी तेवढंच सांगत होते. साडेबाराला साडेबारा म्हटलं. हिरवं दिसलं तेव्हा हिरवं म्हटलं, माझ्यावर आलं तरी."

"काय चाललंय तुमचं?" नवऱ्यानं विचारलं.

आबा चौकट सोडून दोन पायऱ्या उतरले, पायानं चाचपत.

"पाणी नव्हतं," ते म्हणाले. "रंग होता. पट्टीवर आणि आट्यांत. वीज परत जायची वाट त्यानं बंद झाली होती."

नवऱ्यानं ब्रशकडे बघितलं, मग पट्टीकडे.

"कुणाचा रंग?"

"तू लावलास. बोल्ट मी देत होतो तुझ्या हातात, एकेक. चाळीस वर्षं हेच काम केलं मी. तोंडातून शब्द काढला नाही. तुझं काम छान चाललं होतं."

ब्रशाच्या टोकावरून एक थेंब पोत्यावर पडला. नवऱ्याचा डावा हात गळ्यातल्या पट्ट्यापर्यंत गेला आणि तिथं राहिला.

"म्हणजे त्या दिवशी हेडलाइट..."

 कुंपणापलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हातही थांबले होते.

ती आत गेली. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि पॉलिश पेपर घेऊन बाहेर आली. फडक्यानं तिनं तो ओला पट्टा पुसून काढला आणि पेपर नवऱ्यासमोर धरला.

"घासा. मी पट्टी धरते, हलायची नाही."

तो डाव्या हातानं घासायला लागला. हात सवयीचा नव्हता. पेपर सारखा निसटत होता. तिनं दोन्ही हातांनी पट्टी धरून ठेवली. मध्ये एकदा त्याची बोटं तिच्या सोललेल्या बोटांवर घासली गेली. तो थांबला, बघितलं, आणि पुढं घासताना तिच्या बोटांपासून लांब राहिला. लोखंड पांढरं झालं. तिनं बोल्ट आवळले.

मीटर तिनं त्याच्या मांडीवर ठेवला. चौथ्या किकेला स्कूटर लागली.

"किती?" आबांनी विचारलं.

नवरा तिच्याकडे बघत होता.

"काट्याकडे बघा," ती म्हणाली आणि पीळ दिला.

"चौदा," तो म्हणाला. थोड्या वेळानं, "चौदाच्या थोडा खाली."

"चौदा की खाली?"

"खाली, आबा. एका रेघेनं."

"बास."

तिनं इंजिन बंद केलं, आवरणं बसवली, ताटलीतले स्क्रू संपेपर्यंत एकेक लावले. मग औषधाची बाटली आणि पाण्याची बादली आणली आणि स्कूटर धुवायला घेतली. चाकं, मडगार्ड, फळीच्या वर, फळीच्या खाली. नवरा पोत्यावरच बसून होता. पाणी वाहत त्याच्या पायांपर्यंत आलं, तरी त्यानं पाय मागं घेतले नाहीत. बादली संपली तेव्हा तो उठला, डाव्या हातानं ती उचलली आणि नळाकडे गेला.